आधी प्रत तपासा, मग भयपट
जुने भयपट आता संथ वाटतात, हे म्हणणं ‘हॅलोविन’ला (१९७८) लावण्याआधी कोणती प्रत पाहिली ते तपासा. जॉन कार्पेंटरने तो २.३५:१ अशा रुंद चौकटीत चित्रित केला आणि त्यातला खुनी मायकेल बऱ्याचदा कडेला, अंधारात उभा असतो. जुन्या टीव्हीसाठी ४:३ मध्ये कापलेल्या प्रतीत सुमारे ४३ टक्के चित्र जातं, त्याबरोबर भीतीही. टीव्हीचं मोशन स्मूदिंगही (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद ठेवा. संगीत ५/४ तालात, म्हणजे पाच-पाच ठोक्यांच्या आवर्तनात आहे, त्यामुळे ठेका कानात स्थिरावतच नाही. फार सुंदर युक्ती!

टीनएज कॉमेडीत चित्राच्या कडा कापल्याचा तोटा कमी. मात्र ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५) टीव्हीसाठी संवाद बदललेल्या प्रतीत पाहू नका. शिव्या गेल्या की त्या मुलांचा रागच खोटा वाटतो.