नाथसागरातल्या होडीत तळाची फळी कोणती टाकावी?

प्रश्न: पैठणला चालणारी १६ फुटी फायबरची होडी. तळातलं प्लाय कडेनं फुगलंय, जाळंही स्क्रूत अडकतं. काय बदलावं?

उत्तर: आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचं १२ मिमी मरीन प्लाय घ्या. पाणी कडेतून अन् स्क्रूच्या भोकातून शिरतं. म्हणून भोक मोठं पाडा, इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) बुजवा, सुकल्यावर मधोमध बारीक भोक पाडा. कडांना इपॉक्सीचे ३ हात. नुसत्या ऑइलपेंटनं भागत नाही भाऊ.

उत्तर: अखंड फळी नकोच. ३ तुकडे, मध्ये ५ मिमी फट; उचलल्याशिवाय खालचं पाणी उपसणार कसं? जाळ्याच्या कप्प्याच्या कडा गोल घासा, स्क्रूची डोकी लाकडात बुडवा.

प्रश्न: स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे चालतील?

उत्तर: गोड्या पाण्यात चालतात, ३१६ ग्रेडचं स्टील कोकणात, खाऱ्या पाण्यात लागतं. होडीच्या फायबरच्या तळात मात्र एकही स्क्रू मारू नका.