शब्दचर्चा : 'ट्रायाज'ला प्रतवारी म्हणावे का?

निरुक्त : युद्धकाळातल्या वैद्यकीय सेवेच्या इतिहासावर एक लेख तपासतोय. त्यात 'ट्रायाज'साठी, म्हणजे अनेक जखमींपैकी कोणावर कधी उपचार करायचे हे ठरवण्यासाठी, 'प्राधान्यक्रम', 'वर्गीकरण' आणि 'रुग्णनिवड' असे तीन शब्द आलटून पालटून आलेत. कोणता ठेवावा? 'डिब्राइडमेंट' (आज, जखमेतला मेलेला भाग काढणे) आणि 'टुर्निके' (रक्तस्राव थांबवायला हाता-पायाला आवळायचा बंध) यांचंही अडलंय.

शल्यविद : 'प्राधान्यक्रम' काढाच. त्यातून 'सर्वांत गंभीर तो आधी' एवढंच पोचतं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे याचा नियम तसा होता खरा : हुद्दा नाही, जखम बघायची. पण जखमी आवाक्याबाहेर गेले की हा नियम टिकत नाही. ज्याच्यासाठी शस्त्रक्रियेचं टेबल तासन्‌तास अडेल त्याला बाजूला ठेवून तेवढ्या वेळात वाचू शकणारे तिघे-चौघे घ्यावे लागतात. सर्वांत गंभीर माणूस कधी पहिला, तर कधी शेवटचा. जखमींना लावायच्या आजच्या रंगखुणांतही ते दिसतं : लाल लगेच, पिवळा थांबू शकणारा, हिरवा स्वतः चालणारा, काळा मृत किंवा आशा नसलेला. आणि हे एकदा करून संपत नाही. पिवळ्याचा रक्तस्राव वाढला की तो लाल होतो, म्हणून दर टप्प्यावर पुन्हा बघतात.

बारदान : फ्रेंच 'त्रिए' म्हणजे निवडणे, वेगळे काढणे. शब्द लोकरीच्या धंद्यातला. कॉफीच्या व्यापारात तर फुटक्या, हलक्या दाण्यांनाच 'ट्रायाज' म्हणत. मराठीत 'प्रतवारी' तयार आहे, नवा शब्द कशाला पाडता?

निरुक्त : प्रत मालाची असते. जखमीची प्रत लावली की माणूसच हलका-भारी ठरतो. लारेला नेमकं तेच नको होतं.

शल्यविद : सहमत. 'जखमींची वर्गवारी' ठीक वाटतं. 'वर्गवारी लावणे', 'फेरवर्गवारी' ही रूपंही सहज होतात. 'वर्गीकरण' टेबलाशी बसून केल्यासारखं वाटतं.

जाता जाता : लारेच्या संदर्भात 'अँब्युलन्स'चं सरसकट 'रुग्णवाहिका' करू नका. तेव्हा त्याचा अर्थ सैन्यामागून सरकणारं फिरतं रुग्णालय असा होता. ते मागे थांबायचं, जखमींपर्यंत पोचायला २४ ते ३६ तास लागायचे. लारेने हलक्या, घोडे जुंपलेल्या गाड्या थेट लढाईच्या तोंडापर्यंत नेल्या, म्हणून ती 'उडती अँब्युलन्स'.

निरुक्त : 'डिब्राइडमेंट'ला लेखकाने 'जखम खरडणे' लिहिलंय.

शल्यविद : चूक. सुश्रुताच्या आठ शस्त्रकर्मांत खरडण्याला 'लेखन' म्हणतात, ते वेगळं. गंमत अशी की फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ 'लगाम सोडणे', म्हणजे आवळून धरणारं आवरण चिरून आतला ताण मोकळा करणे. ते 'भेदन' झालं. पहिल्या महायुद्धात त्याच शब्दाखाली मेलेला भाग कापून काढू लागले, म्हणजे 'छेदन'. १८व्या शतकातला मजकूर असेल तर 'चीर देऊन मोकळी करणे', १९१४ नंतरचा असेल तर 'मृत ऊती कापून काढणे' असं लिहा.

कारणही लेखात यावं. पहिल्या महायुद्धातली रणभूमी फ्लँडर्स, तिथल्या शेणखताच्या मातीतले वायुकोथाचे (गॅस गँगरीनचे) जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात. कपड्याची चिंधी आणि मेलेला स्नायू आत ठेवून जखम शिवली तर त्यांना आयतंच घर मिळतं. म्हणून स्नायू चार गोष्टींवर पारखतात : रंग, घट्टपणा, चिमटा लावल्यावर आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का. नापास झालेला भाग काढायचा, जखम उघडी ठेवायची आणि स्वच्छ राहिली तर साधारण चार-पाच दिवसांनी शिवायची. त्या काळी शिवण्याआधीच्या या दिवसांत सुमारे ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण नळ्यांतून दर दोन तासांनी सोडत. तीच कॅरल-डेकिन पद्धत.

बारदान : मग 'शल्य'सुद्धा युद्धातलंच म्हणायचं?

शल्यविद : बरंचसं. शरीरात रुतून पीडा देणारं काहीही शल्य. पण सुश्रुत त्यात बाणाला मुख्य मानतो, कारण तो अडवणं कठीण, टोक बारीक आणि मारा लांबचा. काढायच्या वाटा दोन : आला त्या वाटेने मागे तो 'प्रतिलोम', पुढे ढकलून पलीकडून तो 'अनुलोम'. मनात सलतं ते शल्यही तिथलंच.

निरुक्त : आणि टुर्निके? लेखात 'रक्तरोधक पट्टी' आहे.

शल्यविद : 'पट्टी' म्हटलं की लोक जखमेवरच बांधतील. हा बंध जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, ५ ते ८ सेंटिमीटर अंतरावर येतो. सांध्यावर कधीच नाही. आत दांडी घालून पीळ द्यायचा. मूळ शब्दही 'फिरवणे' यावरूनच. १७१८मध्ये फ्रेंच शल्यविशारद पेतीने दांडीच्या जागी स्क्रू आणला. रक्त थांबेपर्यंत आणि बंधाच्या पलीकडची नाडी लागेनाशी होईपर्यंत आवळायचं. अर्धवट आवळला तर शिरा दबतात, धमनी वाहतच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. बांधल्याची वेळ लिहायची. दोन तासांपलीकडे धोका वाढत जातो.

बारदान : मग 'पीळबंध'?

शल्यविद : चालेल. पहिल्या उल्लेखात शेजारी 'टुर्निके' राहू द्या. पेतीच्या यंत्राला मात्र 'स्क्रूचा बंध' म्हणा, त्यात पीळ नाही.