मदत हवी आहे: रावेरला राहून अॅप मार्केटिंग आणि ग्रोथमध्ये (अॅपचे वापरकर्ते वाढवणं आणि टिकवणं) करिअर कसं उभारावं?

सातपुडा_पायथा

रामराम मंडळी. बी.कॉम. झालंय. जळगावच्या दुकानांच्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिराती सांभाळतो. आता मोबाइल अॅपच्या मार्केटिंगमध्ये जायचं आहे. केळीचे रोजचे भाव दाखवणारं एक अँड्रॉइड अॅप ओळखीच्या डेव्हलपरने तयार केलंय, प्ले स्टोअरवर अजून चढलेलं नाही. त्याचं मार्केटिंग माझ्याकडे आहे, जाहिरातीला एकूण ६,००० रुपये. सुरुवात कुठून करू? पुढे नोकरी मागताना काय दाखवावं लागतं? एका क्लासने ४५,००० रुपये फी सांगितली आहे, ती भरण्यात अर्थ आहे का?

मोजणीदार

भाऊ, ते ६,००० रुपये आत्ता खिशातच ठेवा. या क्षेत्रात जाहिरात लावणारे पुष्कळ आहेत. आलेला माणूस टिकला की नाही हे आकड्यांवरून सांगणारे कमी, आणि पगार त्यांना मिळतो.

आधी अॅप प्ले स्टोअरवर चढवण्याचं बघू. डेव्हलपरचं खातं वैयक्तिक असेल आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल, तर थेट प्रकाशित करता येत नाही. आधी क्लोज्ड टेस्ट (निवडक लोकांनाच अॅप देऊन केलेली चाचणी) लागते: किमान १२ टेस्टर, सलग १४ दिवस. लोक इथेच अडकतात. मोजून १२ जण घेतात, नवव्या दिवशी एकजण टेस्टमधून बाहेर पडतो आणि संख्या ११ वर येते. म्हणून २० तरी घ्या. प्रत्येकाने टेस्टची लिंक उघडताना फोनमधल्या प्ले स्टोअरला जे जीमेल खातं जोडलंय तेच वापरलं पाहिजे. गावाकडे घरातला एक फोन तिघं वापरतात, त्यामुळे दुसऱ्याच खात्याने टेस्टमध्ये शिरल्याचं हमखास होतं आणि मग अॅप दिसतच नाही. टेस्टर म्हणून केळी उत्पादक आणि व्यापारीच घ्या, मित्रमंडळी नको. खरा अभिप्राय तिथूनच मिळेल.

हे १४ दिवस मोजमाप बसवायला वापरा. फायरबेस अॅनालिटिक्स (अॅपमध्ये लोक काय करतात ते मोजणारं गूगलचं साधन) फुकट आहे, पहिल्यांदा अॅप उघडल्याची नोंद ते आपोआप घेतं. तुम्ही फक्त तीन इव्हेंट (नोंदवायच्या कृती) लावून घ्या: भाव पाहिला, भाव-सूचना चालू केली, भाव व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवला. नावं रोमन लिपीत आणि सगळी लहान अक्षरांत ठेवा, कारण लहान आणि मोठं अक्षर फायरबेसला वेगळं वाटतं. एका आवृत्तीत एक आणि दुसरीत दुसरं गेलं की एकाच कृतीचे दोन इव्हेंट होतात. इव्हेंट लागला की डेव्हलपरला शेजारी बसवा, डीबगव्ह्यू (नोंदी लगेच दाखवणारं फायरबेसचं पान) उघडा आणि फोनवर एकेक बटण दाबून पाहा. एकदा दाबलं तर एकदाच नोंद दिसली पाहिजे.

आणखी एक, भाव बघायला ओटीपी मागू नका. केळी कापायला मजूर बागेत उभे असताना शेतकऱ्याला आकडा हवा असतो, नोंदणी नको असते. नंबर फक्त "भाव कळवा" दाबल्यावर मागा. नोटिफिकेशनची परवानगीही तेव्हाच. अँड्रॉइड १३ पासून ती विचारावी लागते आणि माणसाने दोनदा नकार दिला की फोन ती खिडकी पुन्हा दाखवत नाही. अॅप उघडताक्षणीच विचारून अनेक जण ही संधी वाया घालवतात.

तापीकाठ

स्टोअरच्या पानाबद्दल मी लिहिते. दादा, प्ले स्टोअरवर नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्याला ४,०००. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळं अक्षर मोजलं जातं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. "केळी" डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, मोजणीत चार. "आजचे जळगाव रावेर केळी बाजारभाव" हे मोकळ्या जागा धरून बरोबर ३० भरतं. पुढे "हवामान" जोडायला गेलात तर बसणार नाही. "फ्री", "नंबर वन" असले शब्द नावात चालत नाहीत, प्ले स्टोअरचं धोरणच तसं आहे.

लोक शोधतात कसं? मराठी बोलणारा माणूससुद्धा बऱ्याचदा रोमन अक्षरांत टाइप करतो आणि स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. म्हणून मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन वेगळ्या लिस्टिंग (स्टोअरची पानं) करा. इंग्रजीच्या मोठ्या वर्णनात रोमन लिपीतले शब्द वाक्यात गुंफून घ्या, नुसती शब्दांची माळ लावू नका. गूगल मोठं वर्णन शोधासाठी वाचतं. अॅपलकडे वर्णन शोधात धरत नाहीत, तिथे १०० अक्षरांची वेगळी कीवर्डची (शोधशब्दांची) जागा असते. मुलाखतीत हा फरक विचारतात. आणि बऱ्हाणपूर विसरू नका. रावेर-यावलचा शेतकरी तिथल्या भावाकडे नजर ठेवून असतो, तेव्हा तो शब्द वर्णनात हवाच.

पहिल्या स्क्रीनशॉटवर लोगो नको, आकडा हवा. तारीख, वाण, क्विंटलचा भाव, हे स्वस्त फोनच्या स्क्रीनवरही वाचता येईल एवढं मोठं. प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपर जिथून स्टोअरचं पान सांभाळतो तिथे) दोन स्क्रीनशॉटची तुलना करायची सोय आहे, पण रोज दहा-वीसच लोक पानावर येत असतील तर तिचा निकाल मानू नका.

व्हिडिओ जाहिरातीत बोली जरूर वापरा, पण भाग बघून. धुळे, साक्री, अमळनेरकडे अहिराणी. यावल-रावेरला लेवा गणबोली. दोन्हींसाठी एकच आवाज वापरलात तर एका बाजूला तो परका वाटतो. गूगल अॅड्समध्ये अहिराणी हा भाषेचा पर्यायच नाही, त्यामुळे तालुक्यांप्रमाणे कॅम्पेन वेगळं करावं लागेल. तुमच्या पैशात सध्या एकच भाग धरा.

खानदेशी_आकडे

पैशाचं गणित. गूगलचा सल्ला असा: इन्स्टॉलसाठी कॅम्पेन चालवताना एका इन्स्टॉलला जेवढे द्यायचे ठरवलेत त्याच्या ५० पट रोजचं बजेट ठेवा. १५ रुपये धरले तर रोज ७५०, म्हणजे ६,००० आठ दिवसांत संपतात. अॅपमधल्या कृतीसाठी कॅम्पेन असेल तर हीच पट १०. एका भाव-सूचनेला ६० रुपये धरले तर रोज ६००, दहा दिवस. मी दुसरं करीन, आणि कारण हे बघा.

समजा पहिल्या कॅम्पेनमध्ये ६,००० रुपयांत ४०० इन्स्टॉल आले, सातव्या दिवशी परत आले ३२. दुसऱ्यात तेवढ्याच पैशांत २०० इन्स्टॉल, परत आले ४०. इन्स्टॉल पहिल्यात १५ रुपयांना, दुसऱ्यात ३० ला; पण टिकलेला माणूस पहिल्यात १८७ रुपये ५० पैशांना पडला आणि दुसऱ्यात १५० ला. कागदावर हे दोन रकाने शेजारी मांडता आले की तुम्ही अर्धी मुलाखत पार केली.

परत येणारे मोजताना दिवसाऐवजी आठवडा धरा. ज्याची बाग काढणीला आली तो रोज बघेल, बाकीचा आठवड्यातून एकदा. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) यांची कापणी वेगवेगळ्या काळात येते, म्हणून इन्स्टॉल करतानाच "कापणी कधी?" एवढं विचारून गट पाडा. नाहीतर कापणी उरकून गेलेल्या शेतकऱ्याला तुम्ही "गमावलेला ग्राहक" म्हणून मोजाल.

स्वस्त इन्स्टॉल विकणाऱ्यांचे टेलिग्रामवर मेसेज येतील, घेऊ नका. त्यात फोनची फार्म (खोटे इन्स्टॉल करायला रांगेने ठेवलेले फोन) असते किंवा दुसऱ्याच्या इन्स्टॉलचं श्रेय चोरणारे क्लिक. इन्स्टॉल रेफररमध्ये (इन्स्टॉल कोणत्या क्लिकवरून आलं ते सांगणाऱ्या प्ले स्टोअरच्या नोंदीत) क्लिकची वेळ आणि डाउनलोड सुरू झाल्याची वेळ दोन्ही मिळतात. क्लिक नंतरचा निघाला तर श्रेय चोरलंय. पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेणंही तसंच, धोरणात मनाई आहे आणि त्यात डेव्हलपरचं खातं जाऊ शकतं.

मोजणीदार

फीबद्दल राहिलं. ४५,००० देऊ नका. गूगलच्या स्किलशॉप या शिकवणीच्या साइटवर अॅप जाहिरातींचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्याने नोकरी लागत नाही, पण शब्द तोंडात बसतात. त्यापेक्षा एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका. बिगक्वेरी या गूगलच्या डेटा-साधनाच्या सँडबॉक्समध्ये (फुकट आवृत्तीत) महिन्याला १ टेराबाइट डेटावरच्या क्वेरी फुकट आहेत आणि फ्लड-इट नावाच्या गेमचा २०१८ चा खरा फायरबेस डेटा सरावाला उघडा ठेवलाय. त्यावर पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवसाची रिटेन्शन (किती टक्के लोक परत आले) काढा, मग देशानुसार फोडून पाहा. स्वतःचं अॅप लहान असलं तरी हे काम मोठ्या डेटावरचं दिसतं.

अर्ज करताना "ग्रोथ हॅकर" वगैरे लिहू नका. कामं निराळी असतात: स्टोअर लिस्टिंग, पैसे लावून युजर आणणं, नोटिफिकेशन आणि परत आणणं, विश्लेषण. तुमच्या हातात जाहिरातीचा सराव आहे तर दुसऱ्यातून शिरा, विश्लेषण जोडीला ठेवा. सोबत एकच पान: काय ठरवलं होतं, किती खर्च, किती टिकले, काय चुकलं, पुढे काय बदललं. चुकलेलं लपवू नका, अनुभवी माणूस आधी तेच शोधतो.

सातपुडा_पायथा

सर्वांचे मनापासून आभार. अॅप प्ले स्टोअरवर आलं, कॅम्पेन भाव-सूचनेवर लावलं, आज सहावा दिवस. गूगल अॅड्स ११८ कन्व्हर्जन (जाहिरातीतून झालेल्या कृती) दाखवतंय, पण आमच्या सर्व्हरवर सूचना चालू केलेले ६१ च आहेत. खरं कोणतं धरू?

खानदेशी_आकडे

सर्व्हर खरा. आता फरक कुठून आला ते असं शोधा.

गूगल अॅड्सच्या रिपोर्टमध्ये सेगमेंट (आकडे फोडून दाखवायची सोय) उघडून कन्व्हर्जन अॅक्शननुसार फोडा. बहुतेकदा "पहिल्यांदा उघडलं" आणि "सूचना चालू" दोन्ही प्रायमरी (मुख्य रकान्यात मोजले जाणारे) राहिलेले असतात आणि रकान्यात दोघांची बेरीज येते. तसं असेल तर पहिलं सेकंडरी करा. नंतर एका क्लिकमागे किती कन्व्हर्जन मोजायचे ती सेटिंग पाहा, "प्रत्येक" असेल तर "एक" करा.

तरीही जुळलं नाही तर डेव्हलपरला विचारा की इव्हेंट बटण दाबल्यावर जातोय की सर्व्हरने होकार दिल्यावर. बागेत नेटवर्क लटकतं, माणूस बटण दाबतो, नोंद पडते, पण सर्व्हरपर्यंत काहीच पोचत नाही. इव्हेंट सर्व्हरच्या होकारानंतरच गेला पाहिजे.

शेवटच्या तीन दिवसांचे आकडे तुलनेत घेऊ नका. नेट नसताना झालेल्या नोंदी फोनमध्ये साठून राहतात आणि ७२ तासांपर्यंत उशिरा पोचल्या तरी धरल्या जातात. शिवाय अॅड्स कन्व्हर्जन क्लिकच्या तारखेला टाकतं, तुमचा सर्व्हर कृतीच्या तारखेला.

आज फक्त मोजणी दुरुस्त करा, बिड (एका कन्व्हर्जनला द्यायची ठरवलेली रक्कम) हलवू नका. खऱ्या मोजणीने शंभरेक कन्व्हर्जन जमले की मग हलवा, तेही एका वेळी २० टक्क्यांच्या आत. सेगमेंट फोडल्यावर कोणत्या अॅक्शनला किती आले ते इथे टाका, पुढचं त्यावरून सांगता येईल.