शब्दचर्चा : ‘गुठळी’ की ‘साकळलेलं रक्त’?

मेंदूतल्या रक्तस्रावाला ‘गुठळी’ म्हणावं का, हा माझा प्रश्न आहे.

गेल्या महिन्यात तासगावच्या मामांना मिरजेला नेलं. घरचे म्हणत होते, “उजव्या अंगावरनं वारं गेलं.” हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून त्यांना वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लावतं ते सांगणारा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा, तो निघाला ४.८. सीटी स्कॅनच्या फिल्मवर डावीकडे लिंबाएवढा पांढरा डाग. ताजं रक्त तिथं पांढरंच दिसतं. डॉक्टर म्हणाले, “मेंदूत रक्ताची गुठळी आहे, रक्त पातळ करायची गोळी बंद.” मामींनी लगेच विचारलं, “गुठळी हाय न्हवं? मग पातळ व्हायची गोळी बंद का केली?”

मामींचं काय चुकलं? गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी, हेच त्या वर्षभर ऐकत होत्या. रक्तवाहिनीच्या आत अडकते ती गुठळी, आणि वाहिनी फुटून बाहेर साचून घट्ट झालेलं रक्त तीही गुठळीच! उपचार मात्र उलटे. मामांना गोठण्याची ताकद परत यावी म्हणून व्हिटॅमिन के द्यावं लागलं. ‘पातळ’ हाही फसवा शब्द. रक्त पाण्यासारखं होत नाही, गोठायला वेळ लावतं, इतकंच.

दारात बोट चेमटलं की नखाखाली रक्त साकळतं. मेंदूतही तेच म्हणूया का?

कराडहून : जरूर म्हणा. आमच्याकडे ‘साखळणं’ही म्हणतात. रक्ती करायला आणलेलं रक्त भांड्यात घटकाभरात साकळतं, ते कितीही तापवलं तरी परत पातळ होत नाही. थिजतं ते तूप, ऊब लागली की वितळतं. म्हणून इथं ‘थिजणं’ नको.

मिरजेहून, लॅबमध्ये काम करते : रिपोर्टवर डी-डायमर वाढलेला दिसला की नातेवाईक घाबरून म्हणतात, “म्हणजे गुठळी आहे!” रक्त गोठताना फायब्रिनचे तंतू जाळं विणतात. शरीर ते जाळं तोडू लागलं की जे तुकडे उरतात, ते डी-डायमर. बाहेर साकळलेल्या रक्तातही जाळं असतंच, त्यामुळे रक्तस्रावातही हा आकडा वाढू शकतो. जाळं कुठं विणलं गेलं, हे त्यावरून कळत नाही. त्याला स्कॅनच लागतो. मी ‘तुटलेल्या जाळ्याचे तुकडे’ असंच समजावते, ते पटतं. आणि लिहिताना ‘रक्तस्राव’ लिहा, ‘स्त्राव’ नको. धातू ‘स्रु’ आहे, त्यात ‘त’ नाही.

मूळ प्रश्नकर्ता : काल मामींना फोनवर सांगितलं, आत रक्त साकळलंय. त्या म्हणाल्या, “असं आधी सांगायचं न्हवं का! साकळल्यालं जिरतंय हळूहळू. आणखी वाढू नये, एवढं बघायचं.” गुठळी विरघळते, साकळलेलं जिरतं. हे दुसरं क्रियापद मला सुचलंच नव्हतं.