भाडं म्हणजे पैसे वाया, हे पटत नाही

भाऊ, नागपुरात मानेवाड्यात महिन्याला 10 हजार भाडं भरण्यापेक्षा बेसा भागात 30 लाखांचं कर्ज काढून फ्लॅट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. इथे बहुतेकांनी "भाडं म्हणजे पैसे वाया" असं सांगितलं. मला ते पटत नाही. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता 26 हजार बसतो आणि नुसतं व्याजच 32 लाखांच्या वर जातं. मुदलापेक्षा जास्त! मेंटेनन्स, घरटॅक्स वेगळे. वरचे 16 हजार दर महिन्याला खरंच एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीत) टाकणार असाल, तर भाड्याने राहण्यात काही कमीपणा नाही. ते इकडेतिकडे खर्च होणार असतील, तर मात्र घरच घ्या.

घ्यायचंच ठरलं तर आर.एल. (ले-आउट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) बघितल्याशिवाय इसार देऊ नका. आमच्या काकांचे पैसे एका ले-आउटमध्ये सात वर्षं अडकले होते, फार हाल झाले त्यांचे. रजिस्ट्री फक्त वहिनींच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, म्हणून बोनस आला की मुदलात भरा. पण सहा हप्त्यांएवढी एफडी आधी करा.