कोकणातल्या छोट्या विहारात चीवरदान पुन्हा सुरू करायचंय, मार्गदर्शन हवं

सर्वांना जयभीम.

आमची बौद्धवाडी रत्नागिरी जिल्ह्यात. विहार आहे, पण भन्ते (भिक्खू) कायम नसतात. विधी बौद्धाचार्य, म्हणजे गृहस्थ उपासकच, करतात. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन अजून चुकत नाही. जुनी माणसं सांगतात, पूर्वी वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा एका जागी मुक्काम) संपला की भन्तेंना आणून चीवरदान, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांचं दान, व्हायचं, अख्खी वाडी विहारात जेवायची. घरं मुंबईला गेली आणि ते थांबलं. आता पत्रे गळतात, वीजबिलालाही वर्गणी पुरत नाही. त्या निमित्ताने माणसं आणि निधी जमेल म्हणून काही जणांनी चीवरदान परत सुरू करायचं मनावर घेतलंय.

अडचण अशी की सगळे त्याला सरळ 'कठिण चीवरदान' म्हणतात आणि पत्रिकेतही तेच छापायचं म्हणतात. पण कठिण म्हणजे संघकर्म, भिक्खूसंघाने एकत्र येऊन नियमाने करायचा विधी. आश्विन पौर्णिमेनंतरच्या एका महिन्यातच ते होतं, एका विहारात वर्षातून एकदाच. किमान पाच भिक्खू लागतात, आणि त्या विहारात कुणीतरी वर्षावास पूर्ण केलेला असावा लागतो. आमच्याकडे यातलं काहीच नाही. भन्तेंना एक दिवस बोलावून चीवर द्यावं, पुण्यच आहे. पण त्याला कठिण म्हणू नये असं माझं मत. यावरून बैठकीत वाद झाला तो झालाच.

शिवाय तो महिना भातकापणीचा. वाडीच्या ग्रामीण शाखेची माणसं शेतात, मुंबईत राहणाऱ्यांच्या मुंबई शाखेला सुट्टी नाही. मंडप घालून बसायचं कुणी?

थायलंडमध्ये कठिणाशिवाय 'फा पा' नावाचं दान आहे. टाकून दिलेल्या चिंध्यांची चीवरं शिवणाऱ्या जुन्या भिक्खूंची, म्हणजे पांसुकूल चीवराची ती आठवण. चीवर फांदीवर ठेवायचं, भिक्खूंनी ते उचलायचं. त्याला महिन्याचं बंधन नाही. बँकॉकला कामाला असलेले लोक बस करून गावी जातात, फांद्यांना नोटा लावलेलं झाड नेतात आणि तो पैसा गावच्या विहाराला, कधी शाळेलाही जातो. आपल्या मुंबई शाखेला हे फार जवळचं वाटावं! माझा विचार आहे की बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास, मे महिन्यात चाकरमानी गावी असतानाच असं दान ठेवावं.

विचारायचं ते हे. महाराष्ट्रात कुणी पांसुकूल चीवरदान या नावाने कार्यक्रम केलाय का? भन्तेंनी मान्य केलं का, की "हे आपल्याकडचं नाही" म्हणाले? चार भिक्खू जमले तर त्यालाच संघदान, म्हणजे एका भिक्खूला नव्हे तर संघाला द्यायचं दान, जोडता येईल का?

आणि पैशाचं. भिक्खूंनी पैसे हाताळायचे नाहीत हे ठीक, पण संघाला दिलेलं दान आणि पत्र्यांसाठी दिलेला निधी एकाच पावतीपुस्तकात नको, असं मला वाटतं. तुमच्या विहारात हिशेब वेगळा कसा ठेवता? आमच्या खजिनदारांना हा दुजाभाव वाटतो, त्यांना पटेल असं काही सांगा.