‘आई गेली’, ‘डिसफंक्शनल फॅमिली’ आणि एक पेटी: शब्द सुचवा

मूळ प्रश्न, पुण्याहून

मंडळी, एका वाक्यावर अडले आहे, मदत करा.

आमच्या वाचनगटात या महिन्यात अमेरिकन लेखक विल्यम फॉक्नरची ‘ॲज आय ले डाइंग’ ही कादंबरी घेतली आहे, १९३० सालची. शनिवारी तिची मराठीतून ओळख मला करून द्यायची आहे. गोष्ट अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका गरीब शेतकरी घराची. आई, ॲडी बंड्रन, शेवटच्या घटका मोजतेय आणि खिडकीबाहेर थोरला मुलगा कॅश तिच्याचसाठी पेटी तयार करतोय. लाकूड तासल्याचा आवाज तिला पडल्या पडल्या ऐकू येतो. ती मरते. आपल्याला जेफरसनला, माहेरच्या माणसांशेजारी पुरावं, असं वचन तिने नवऱ्याकडून घेतलेलं असतं. मग नवरा आणि पाच मुलं पेटी खेचरांच्या गाडीत घालून निघतात. नदीला पूर आलेला, पूल वाहून गेलेले. खेचरं बुडतात, कॅशचा पाय मोडतो, आठवडा उलटला तरी पुरणं होत नाही आणि गिधाडं गाडीवर घिरट्या घालू लागतात.

इंग्रजीत या घराला ठरलेलं विशेषण आहे, ‘डिसफंक्शनल’. ही माणसं ‘ग्रीफ’शी ‘कोप’ करतात. मी कोश पाहून लिहिलं ‘शोकाचा सामना करणारे अकार्यक्षम कुटुंब’, आणि लगेच खोडलं. अकार्यक्षम आपण कचेरीला म्हणतो, अधिकाऱ्याला म्हणतो. घराला कधी म्हणत नाही. ‘बिघडलेलं घर’ म्हटलं तर मुलं वाया गेल्यासारखी वाटतात, ‘मोडलेलं घर’ म्हटलं तर घटस्फोट झाल्यासारखा. बंड्रन मंडळींचं यातलं काहीच झालेलं नाही. ती एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एका गाडीत बसतात. तरी काहीतरी मुळात चुकलेलं आहे. त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद, साताऱ्याहून

तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्या अधिकाराने सांगते: आधी ‘कुटुंब’ सोडून द्या. तो शब्द शिधापत्रिकेवरचा आहे. माझे आजोबा तर ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको म्हणायचे. ज्यात बिनसतं, धुसफूस चालते, जे फिरतं, ते ‘घर’. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं आपण म्हणतो. त्या म्हणीत वासे मोडत नाहीत हे बघा. ते जागेवरच असतात, फक्त उलटे वागतात. तुम्ही वर्णन केलंत ते घर मला याच जातीचं वाटतं.

विशेषण शोधत बसू नका. मराठीत घराच्या दुखण्याला विशेषणं थोडी आहेत, क्रियापदं आणि भाववाचक नामं भरपूर. बेबनाव, अबोला, घुसमट, कोंडमारा. ‘त्या घरात बेबनाव आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. ‘बेबनाव असलेलं घर’ म्हटलं की भाषांतराचा वास येतो.

मूळ प्रश्नकर्ती

बाई, ‘बेबनाव’ छान आहे, पण त्यात दोन बाजू असतात ना? भांडून का होईना, बोलणं झालेलं असतं. इथे पंधरा जण गोष्ट सांगतात, एकूण ५९ तुकड्यांत, आणि प्रत्येक जण स्वतःशीच बोलतो. ज्युएल नावाच्या मुलाच्या वाट्याला तर एकच तुकडा आहे. आईवर त्याचा जीव सगळ्यांत जास्त, आणि बोलतो सगळ्यांत कमी. त्याच्यासाठी मला शब्द लगेच सापडला: घुमा.

तुमचं वाचताना आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. माझे वडील आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आजी गेली तेव्हा तेराव्याच्या पंगतीत दोघं शेजारी बसले, कारण बसायचा क्रमच तसा होता. मी मिठाची वाटी घेऊन वाढत होते, नऊ-दहा वर्षांची असेन. वडील मला म्हणाले, “काकांना विचार, मीठ हवंय का.” काका हातभर अंतरावर. मी विचारलं. काका मला म्हणाले, “नको म्हणून सांग.” मी वडिलांना सांगितलं, “नको म्हणतात.” त्या दिवशी त्या दोघांची आई नव्हती, आणि दोघांच्याही डोळ्यांच्या कडा लाल होत्या. त्या मिठाच्या वाटीला जे नाव असेल, ते मला या कादंबरीसाठी हवं आहे.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

ताई, शब्दातलं मला फार कळत नाही, पण आमचे वडील सुतार होते म्हणून कॅशबद्दल सांगतो. मी कादंबरी वाचली आहे. हा माणूस आईविषयी अवाक्षर काढत नाही. त्याचा पहिला तुकडा म्हणजे नुसती यादी: फळ्यांचे सांधे सरळ न ठेवता तिरपे का कापले, याची तेरा कारणं. खिळ्याला धरायला जागा जास्त मिळते, इथून सुरुवात.

माझी आजी वारली तेव्हा आमच्या वडिलांनी तिरडीचे बांबू स्वतः बघून घेतले. पेरं कुठे येतात, गाठ कुठे पडेल, एक बांबू किडका निघाला तो बदलायला लावला. भावकी म्हणत होती, अरे आता कशाला एवढं. ते ऐकेनात. त्यांना मी त्या दिवशी रडताना बघितलं नाही. म्हणून ‘कोप करणं’ला मी तर ‘हात कामाला लावणं’ म्हणेन. ‘सामना करणे’ म्हटलं की समोर शत्रू उभा राहतो. कॅशसमोर फळ्या होत्या.

आणखी एक. ‘शवपेटी’ म्हणू नका. मुळात घरची माणसं तिला बहुतेकदा नुसती ‘पेटी’च म्हणतात, खोकं म्हणावं तसं. शवपेटी हा बातमीतला शब्द. धाकटा व्हार्डमन, आईला श्वास घेता यावा म्हणून झाकणाला भोकं पाडतो आणि ती आईच्या चेहऱ्यापर्यंत जातात. त्या हत्याराला आमच्यात गिरमिट म्हणतात. ‘छिद्रक’ वगैरे लिहिलंत तर तो पोरगा मेलाच समजा.

प्रतिसाद, नागपूरहून

‘ग्रीफ’साठी ‘शोक’ला माझा विरोध आहे. शोक हा शब्द ज्या ‘शुच्’ धातूपासून आला त्याचा अर्थच जळणं, तळपणं. शोक दिसतो. शोकसभा होते, शोकाकुल वातावरण असतं, टाहो फोडतात, ऊर बडवतात. मराठीत या दिसणाऱ्या दुःखाला शब्दांची ददात नाही: हंबरडा, आकांत, गळा काढणं, धाय मोकलणं. न दिसणाऱ्याला मोजकेच आहेत, पण ते फार नेमके आहेत. झुरणं, कुढणं, हाय खाणं. झुरतो तो कुणासाठी तरी. हाय खाल्लेला माणूस वाळत जातो, लोकांच्या लक्षात येतं. कुढणाऱ्याचं मात्र बाहेर काहीच येत नाही, आणि बहुतेक वेळा ‘आतल्या आत’ हे त्याच्या जोडीला येतंच. बंड्रनांच्या घरात सगळे कुढतात.

आता माझा खरा मुद्दा. तुम्ही वर ‘ती मरते’ लिहिलंत ते बरोबर, पण शीर्षकात ‘आई गेली’ लिहिलंत. आपण सवयीने ‘गेली’ म्हणतो, कारण ‘मेली’ म्हणवत नाही. पण या गोष्टीत ती जातच नाही! मेल्यानंतरही ती घरच्यांबरोबर गाडीत आहे, पुरात आहे, गोठ्याला आग लागते तेव्हा आगीत आहे. जाऊ न शकणारी आई हेच तर कादंबरीचं कथानक. ‘गेली’ म्हटलं की मराठीत ते मिटून जातं.

यालाच लागून दुसरा मुलगा डार्ल आणि धाकटा व्हार्डमन यांचं ते बोलणं बघा. डार्ल म्हणतो, मला आई नाही. कारण असली तर ती ‘होती’, आणि ‘होती’ असेल तर ती ‘आहे’ होऊ शकत नाही. मूळ इंग्रजीत तिथे व्याकरण वाकलेलं आहे. मराठीत ते वाकवावंही लागत नाही. ‘आहे’ आणि ‘होती’ हे आपल्याकडे दोन वेगळेच शब्द वाटतात. ‘होती’ म्हणायला लागणं हाच आपला दुःखाचा पहिला दिवस असतो. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली, बँकेच्या अर्जावर मी अजून अडखळतो.

प्रतिसाद, साताऱ्याहून

नागपूरकर, पटलं. त्यात एक भर घालते.

मराठीत दुःखाचे बरेचसे शब्द मनाचे नाहीतच, ते रीतीचे आहेत. सुतक. दुखवटा. राख सावडणं. समाचाराला जाणं. ‘समाचार’ची गंमत बघा: आज समाचार घेणं म्हणजे खरडपट्टी काढणं, पण समाचाराला जाणं म्हणजे ज्याच्या घरी दुःख झालं त्याला भेटायला जाणं. ‘सुतक’ही तसंच फिरलं. संस्कृतात सूतक मुळात जन्माचं अशौच. मराठीत ते मृत्यूकडे सरकलं आणि जन्माला ‘सोयर’ राहिलं. ‘त्याला कशाचं सोयरसुतक नाही’ म्हणतो तेव्हा खरं तर आपण म्हणत असतो, याला ना जन्माचं, ना मरणाचं.

हे शब्द ‘मला काय वाटतं’ विचारत नाहीत, ‘आता काय करायचं’ तेवढं सांगतात. तुमच्या मिठाच्या वाटीचंही तेच. बोलणं नव्हतं, पण पंगत होती, क्रम होता, शेजारी बसणं चुकवता येत नव्हतं. बंड्रन मंडळींनाही दुःख कळत नाही, पण जेफरसनला न्यायचं आहे एवढं कळतं. ते वचन हेच त्यांचं सुतक. आपल्याकडे दहाव्या दिवशी मोकळीक असते, त्यांचे दिवस मात्र पेटी पुरल्याशिवाय संपणार नाहीत.

नवरा ॲन्सबद्दल एकच विचारते. त्याला शहरात कवळी बसवायची असते ना? आणि शेवटी तो दुसरी बायको घेऊन येतो. त्याच्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: बिजवर. इंग्रजीत बहुधा एका शब्दात सांगता येत नाही.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून

उशिरा येतेय. इथे माझ्या मुलीला कॉलेजात हीच कादंबरी होती, तिला मराठीतून समजावताना मी ज्या वाक्यावर अडले ते विचारते. व्हार्डमनचा एक अख्खा तुकडा एका वाक्याचा आहे: माझी आई मासा आहे. त्या दिवशी त्याने जवळजवळ स्वतःएवढा मासा धरून आणलेला असतो, तो कापलेला असतो, आणि आईचं मरण त्याला त्या माशावाचून समजत नाही. मराठीत मासा पुल्लिंगी. ‘आई मासा आहे’ कानाला खटकतं. ‘मासोळी’ करावं का?

प्रतिसाद, कोल्हापूरहून

मासोळी नको ताई. मासोळी म्हटलं की लहान, नाजूक काहीतरी वाटतं, आणि आमच्याकडे बायकांच्या पायाच्या बोटातला दागिनाही मासोळीच. त्या पोराच्या हातात रक्ताने माखलेला मोठा मासा होता. खटकू दे. त्याला तरी कुठे पटत होतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ॲडीचा तुकडा पुन्हा वाचला. अख्ख्या पुस्तकात तिचा एवढा एकच, आणि तोही तिच्या मरणानंतर कितीतरी पानांनी येतो. ती तिथे शब्दांवरच बोलते. तिला वाटतं, ज्याला जे कधी मिळालं नाही त्याला त्याच्यासाठी शब्द लागतो. मातृत्व हा शब्द कुणीतरी गरजेपोटी शोधला असणार. ज्यांना मुलं होती त्यांना असा शब्द आहे की नाही याची पर्वा नव्हती. नवरा ‘प्रेम’ म्हणायचा, तिला तो नुसता रिकामी जागा भरणारा आकार वाटायचा. आणि याच बाईने, दुसरा मुलगा झाला तेव्हा, त्या नवऱ्याकडून जेफरसनचं वचन घेतलं. मनात सूड धरून. ज्या शब्दांवर तिचा विश्वास नव्हता त्याच शब्दांनी तिने सगळ्या घराला बांधलं. मराठीत वचन देण्याला आपण ‘शब्द देणं’ म्हणतो, म्हणून हे मला इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त लागलं.

कादंबरीच्या शीर्षकाचं मात्र सुटलेलं नाही. ते होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यातून आलं आहे, पाताळात मेलेला राजा ॲगमेम्नॉन ओडिसियसला आपलं मरण सांगतो तिथून. इंग्रजीत ‘आय’ बाईही असू शकते, पुरुषही. मराठीत ‘मी मरत पडले होते’ की ‘पडलो होतो’, हे पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं. ‘पडले’ केलं तर ॲगमेम्नॉन गेला. मी ‘पडले’ ठेवतेय. गाडीत तीच आहे.

‘डिसफंक्शनल’ आणि ‘कोप’ दोन्ही टाकून दिले. बाई, तुमचं ‘घर’ घेतलं, दादा, तुमची ‘पेटी’, नागपूरकरांचं ‘मेली’. शनिवारचं पहिलं वाक्य सध्या असं आहे:

‘एका घरातली आई मेली आहे, ज्यांचं एकमेकांशी बोलणं कधी झालंच नाही अशी सहा माणसं तिची पेटी घेऊन निघाली आहेत, आणि सगळी आतल्या आत कुढताहेत.’

शेवटचे पाच शब्द काढावेत का, एवढं सांगा.

प्रतिसाद, साताऱ्याहून

काढा. आणि मिठाच्या वाटीचं शनिवारी सांगा.